अतिसंवेदनशील स्वभाव आणि लाइफ कोच

गंगापूररोडकर: मिरवणुकीतील ढोल, कार्यालयातील वादावादी, इतकेच काय, दुसऱ्याचा उतरलेला चेहराही मला दिवसभर थकवतो. नाशिकमधील एक लाइफ कोच केवळ अंतःप्रेरणेने मार्गदर्शन करतात, असे समजले. त्यांच्याकडे जावे का?

पंचवटीकर: या स्वभावावरील संशोधन इलेन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. हा आजार मानला जात नाही. त्यामुळे ‘बरे करतो’ असे कोणी म्हटले, तर तेथेच सावध व्हावे. आपल्याकडे लाइफ कोच होण्यासाठी परवाना लागत नाही, याउलट चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी तपासता येते. अंतःप्रेरणेला माझा विरोध नाही. परंतु तुमच्या मनातले तुम्हाला न विचारताच सांगणाऱ्यासमोर मान डोलावण्याची घाई, माझ्या मते, संवेदनशील माणसाकडूनच अधिक होते.

सिडकोवासी: सहमत. तरीही शांत वेळ राखून ठेवणे, नकार देण्याचा सराव करणे, एवढ्यापुरता कोच उपयोगी पडू शकतो. मात्र संपूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका. झोप उडाली असेल किंवा उदासी हटत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

गंगापूररोडकर: आभारी आहे. झोप खरोखरच उडाली आहे, त्यामुळे आधी तेथेच फोन करते.