एलएलएम, इंटरनॅशनल कॉर्पोरेट लॉ: आत्ताच जाऊ की आधी सनद?

डिचोलीकरीण:
नमस्कार मंडळी. यंदा माझं एलएलबीचं शेवटचं वर्ष. इंग्लंडला इंटरनॅशनल कॉर्पोरेट लॉमध्ये वर्षभराचं एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स, करायचं डोक्यात आहे. बाबा म्हणतात, आधी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घे, म्हापशाच्या कोर्टात दोन वर्षं काढ, मग बघू. कर्ज काढावंच लागेल. शिकून तिथेच सॉलिसिटर होता येतं का? आणि परत आले तर गोव्यात या विषयाला विचारतो कोण?

फोंड्याचा वकील:
बाय, एलएलएम करून सॉलिसिटर होत नाहीत. त्यासाठी २०२१पासून एसक्यूई ही वेगळी परीक्षा आहे, दोन टप्प्यांची, आणि तिची फीही वेगळी. अ‍ॅडमिशनवाले एजंट हे शेवटी सांगतात.

विषय झेपतो का ते व्होडाफोनच्या खटल्यात बघ. २००७मध्ये त्यांनी हचिसनचा इथला मोबाइलचा धंदा घेतला, पण शेअर विकला गेला तो केमन बेटांवरच्या कंपनीचा. प्राप्तिकर खात्याने कर मागितला. २०१२ला खातं सुप्रीम कोर्टात हरलं, तर सरकारने त्याच वर्षी कायदाच मागच्या तारखेपासून बदलला. मग नेदरलँड्सबरोबरच्या गुंतवणूक कराराखाली लवाद, २०२०मध्ये निवाडा व्होडाफोनच्या बाजूने, आणि २०२१ला ती तरतूद मागे. सुप्रीम कोर्टाचा निकाल सबंध वाच. कंटाळा आला तर कर्ज वाचलं म्हण.

कंपन्यांचे वाद आपल्या गोव्यात चालतच नाहीत, त्यांचं न्यायाधिकरण, एनसीएलटी, मुंबईला. त्यामुळे म्हापशाच्या कोर्टात हे काम दिसणार नाही, तिथे बाबा चुकतात. पण गोव्याचं एक आहे. बाहेरचा गुंतवणूकदार हॉटेल घ्यायला येतो, जमीन मालकाच्या स्वतःच्या नावावर असते, आणि मुंबईहून आलेल्या मसुद्यात त्याच्या बायकोच्या सहीला जागाच नसते. पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे लग्नानंतर मालमत्ता सामाईक, वेगळा करार केला नसेल तर. हे तिकडच्या फर्मना माहीत नसतं. तेव्हा सनद घेतलीस तर नोटरी आणि इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायचं, काम करणाऱ्या सीनियरकडे बस.

मडगावची:
मी करून आलेय. युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा त्या वर्षी कुठले विषय खरोखर शिकवणार आहेत ते विचार, वेबसाइटवर दिसतात ते सगळे दरवर्षी नसतात. मला कामी आला तो देशांच्या सीमेपलीकडच्या दिवाळखोरीचा पेपर. जेट एअरवेजची दिवाळखोरी २०१९ला इथेही चालू होती आणि नेदरलँड्समध्येही, दोन्हीकडच्यांनी मिळून काम कसं करायचं ते एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणासमोर, एनसीएलएटीसमोर, ठरलं.
आणि हो, ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

डिचोलीकरीण:
चेव्हनिंगचं ठाऊक नव्हतं. बाबांना इतक्यात सांगत नाही, नाहीतर उद्याच काळा कोट शिवायला टाकतील. वकीलसाहेब, फोंड्यात तुमच्याकडे ज्युनियर घेता का?