मदत हवी आहे : आजीच्या इरकली लुगड्याचे अभ्रे शिवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आजीचं नऊवारी इरकल माझ्याकडे आलंय. अंग हिरवं, सुती. पदर लाल रेशमी, त्यावर पांढरी टोपतेनी, म्हणजे देवळाच्या शिखरांसारखी विणीतली नक्षी. मधे विरल्यावर आजीने दंड घातला होता, म्हणजे विरलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडले होते, तेही हातशिलाईने. टाके इतके बारीक की बोट फिरवल्यावरच जोड कळतो. आता ते नेसवत नाही, आणि गाठोड्यात ठेवलं तर घड्यांवर चिरत जाणार. म्हणून दिवाणावरच्या 16 इंची चौकोनी उशांना अभ्रे शिवायचे ठरवले.

एक शिवला आणि हातच थांबले. पदराचा 17 इंची चौकोन कापला, अर्धा इंच शिवणीत घेतला, मागे चेन लावली. आठवड्याभरात चेनेच्या कडेने फट पडली. टीप शाबूत आहे, शेजारचं रेशीमच सरकलंय. शिवाय कोपरे कानांसारखे टोकदार दिसतात, आत उशी पोचतच नाही.

दुकानात इस्त्रीने चिकटवायचं फ्यूजिंग सुचवलं. जुन्या रेशमाला ते सोसेल का? अस्तर मलमलचं की मांजरपाटाचं? मशीनला 14 नंबरची सुई आहे, ती बदलू का? पदर आणि अंग जिथे कोंडी घालून (दोन्हींचे उभे धागे एकमेकांत अडकवून) जोडलेत, तो भाग अखंड ठेवायचाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दंडाची शिवण एका अभ्र्यावर समोर दिसायला हवी. उरलेलं कापड थोडंच आहे, पुन्हा चुकायला नको.

प्रतिसाद १
फ्यूजिंग नको. एकदा चिकटलं की निघत नाही, आणि रेशीम आणखी ताठ होऊन घडीवर तुटतं. मांजरपाट घ्या, पण आधी धुऊन आटवून. त्याचाच पूर्ण अभ्रा करायचा आणि लुगड्याचा तुकडा वर ठेवून दोन-दोन इंचांवर सैल धावदोरा घालायचा. उशीचा ताण मांजरपाटाने घ्यावा, रेशमाने नुसतं वर बसावं. चेन जुन्या कापडात लावूच नका. मागची बाजू नव्या सुती कापडाच्या दोन तुकड्यांची करा, एकावर एक चार-पाच इंच येतील अशी. सुई 11 नंबरची, टीप लांब. दाट टीप घातली की जुन्या रेशमाला भोकांची रांगच पडते, कागद फाडायला पाडतात तशी.

प्रतिसाद २
कोपऱ्यांसाठी : कोपरा तीन इंचांवर आला की टीप हळूहळू आत घ्या, टोकाशी नेहमीपेक्षा अर्धा इंच आत. आणि 16 च्या उशीला शिवून 15 चा अभ्रा ठेवा, भरीव दिसतो. लाल पदर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. रंग लागला तर धुवायचा विचार सोडा, सावलीत वारा द्या.

धागाकर्ती
खूप आभार! मांजरपाट आजच भिजत घातलाय. आता दंडाचं सांगा. ती शिवण तुकड्याच्या बरोबर मधे घेतली तर उशी दाबल्यावर तिथेच ताण येईल ना?

प्रतिसाद १
येईल. शिवण मधे न घेता खालच्या कडेपासून चार इंचांवर घ्या. टेकल्यावर पाठीचा भार वरच्या भागावर येतो. मागून मलमलची दोन इंची पट्टी लावा, आणि ती हातानेच टाका. त्या शिवणीवर मशीन चालवू नका, ताई. आजीचे टाके आजीचेच राहू द्या.

धागाकर्ती
मलमल घरात आहे. आज रात्री पट्टी टाकते, उद्या फोटो देते.