मदत हवी आहे: इराणच्या ताज़ियेची मुळं नेमकी कुठली?

मंडळी, नाट्यशास्त्राच्या असाइनमेंटसाठी इराणचं ताज़िये घेतलंय, म्हणजे करबलाच्या लढाईवरचं (इ.स. 680, ज्यात पैगंबरांचे नातू इमाम हुसैन मारले गेले) तिकडचं धार्मिक नाटक. यात इमामाच्या बाजूचे लोक हिरव्या कपड्यात आणि गाऊन बोलतात, शिम्र वगैरे शत्रू लाल कपड्यात आणि नुसते ओरडून संवाद म्हणतात, भारी प्रकार आहे!

आता अडलंय कुठे ते सांगतो. 963 मध्ये बगदादला बुवैही घराण्याचा राजा मुइज़्झुद्दौलाने आशुराला (मोहरमचा दहावा दिवस, हुसैन यांच्या मृत्यूचा) बाजार बंद ठेवून जाहीर शोक करायला लावला, मग 1501 नंतर इराणच्या सफवी राजांनी शिया पंथ राजधर्म केला आणि मिरवणुका वाढल्या, रौज़ेख्वानी म्हणजे कथा सांगून रडवणं तेही आलं, हे सगळं ठीक, पण ह्यातून थेट पात्रं घेऊन नाटक कसं उभं राहिलं? पुढे काजार राजघराण्याच्या काळात तर तेहरानला तकिये दौलतसारखं प्रचंड थिएटरच बांधलं, म्हणजे मधे बरंच काही घडलं असणार.

शिवाय काही जण मूळ पार इस्लामच्या आधीच्या सियावशच्या (इराणी दंतकथेतला अन्यायाने मारला गेलेला राजपुत्र) शोकविधीत शोधतात. मध्य आशियातल्या बुखाऱ्यातल्या त्या विधीची नोंद दहाव्या शतकातला इतिहासकार नरशखीने केलीय खरी, पण मला हा धागा जरा ओढूनताणून वाटतो. कोणी यावर नीट वाचलंय का? मराठी किंवा इंग्रजीतलं काहीही चालेल, फारसी येत नाही.