गुरूविना केलेली साधना वाया जाते काय?

गिरगावकर
गेल्या गुरुपौर्णिमेला आमच्या वाडीतील एका परिचितांनी मला चारचौघांत ‘निगुरा’ म्हटले. गेली चौदा वर्षे मी पहाटे साडेचारला उठून ज्ञानेश्वरीच्या पंचवीस ओव्या वाचतो, जप करतो आणि एकादशी पाळतो. परंतु कोणा गुरूकडून अनुग्रह, म्हणजे दीक्षा, घेतलेला नसल्यामुळे हे सारे पालथ्या घड्यावर पाणी आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते मान्य नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘उद्धरेदात्मनात्मानम्’ असे सांगून भगवंतांनी उद्धाराचा भार ज्याच्या त्याच्यावर ठेवला आहे, आणि मन आवरत नाही अशी तक्रार करणाऱ्या अर्जुनाला त्यांनी अभ्यास व वैराग्य हेच दोन उपाय सांगितले आहेत. रमण महर्षींना १८९६ साली मदुराईत, वयाच्या सोळाव्या वर्षी, जो आत्मज्ञानाचा अनुभव आला तेव्हाही त्यांच्यासमोर कोणी देहधारी गुरू नव्हता.

ठाणेकर वाचक
आपल्या नियमाविषयी आदर बाळगूनच लिहितो. ज्या अर्जुनाला हा श्लोक सांगितला गेला, त्याने दुसऱ्या अध्यायातच ‘शिष्यस्तेऽहम्’ म्हणून शरणागती पत्करली होती, आणि उपदेश सुरू झाला तो त्यानंतर. रमण महर्षींचे उदाहरण अपवादाचे आहे. आपण आणि मी तेथे बसत नाही. नामदेवांचेच पाहा. त्यांच्या भक्तीत किंवा नेमात काय उणे होते? तरीही संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या, डोक्यावरील थापटण्याने हे मडके कच्चे ठरवले आणि त्यांना औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे जावे लागले, कारण आपण विठ्ठलाचे लाडके आहोत हा अभिमान त्यांना स्वतःला दिसत नव्हता. रागावू नये, पण ‘चौदा वर्षे’ हा हिशोब आपण न विचारताच दिलात.

मुलुंडची वाचक
कच्च्या मडक्याची ही कथा आजकाल प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्यासाठीच अधिक वापरली जाते. माझ्या नात्यातील एका बाईंनी एका महाराजांचा अनुग्रह घेतला आणि वर्षभरात घरातील नित्यपूजा व वाचन दोन्ही सोडले, कारण ‘आता सगळे महाराज पाहतील’ अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. दर गुरुवारची दक्षिणा मात्र कधी चुकली नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘प्रणिपातेन परिप्रश्नेन सेवया’ असे म्हटले आहे. त्यातील नमस्कार आणि सेवा राहिली, मधला परिप्रश्न तेवढा गळाला.

समर्थ रामदासांनी गुरूची थोरवी गायली, तशी त्याची परीक्षाही सांगितली आहे. दासबोधाच्या पाचव्या दशकातील ही ओवी सत्संगांत सहसा कानावर पडत नाही:

‘शिष्यास न लविती साधन । न करविती इंद्रियदमन ।
ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥’

अडक्याला तीन, म्हणजे कवडीमोलाचे! शिष्याकडून कष्ट करवून घेत नाही, तो गुरूच नव्हे, इतका हा निवाडा स्पष्ट आहे.

परळकर
आपल्या गिरगावाजवळच, खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, निसर्गदत्त महाराज राहत असत. विड्यांचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाला १९३३ साली सिद्धरामेश्वर महाराज भेटले आणि १९३६ साली गुरूंनी देह ठेवला. जेमतेम तीन वर्षांचा हा सहवास. निसर्गदत्त गेले १९८१ मध्ये. ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, असे गुरूंनी सांगितले होते आणि धरून राहण्याचे काम दुकानाचा गल्ला सांभाळत त्यांचे त्यांनीच केले. आता यातील कोणाचा वाटा मोठा मानावयाचा?

ठाणेकर वाचक
गुरूचे ते वाक्य वजा केले, तर धरून राहावयाचे कशाला? मात्र मुलुंडच्या ताईंनी दिलेल्या ओवीपुढे माझे काही म्हणणे नाही. दौलताबादेत जनार्दनस्वामींनी एकनाथांना हिशोबाला बसवले, तेव्हा एका पैची चूक शोधण्यात नाथांची सारी रात्र गेली, अशी आख्यायिका आहे. काम गुरूंनी नेमून दिले, जागरण शिष्याने केले. या दोन गोष्टी मी आजवर विनाकारण एकमेकींविरुद्ध उभ्या करत आलो, असे हे लिहिताना वाटते.

गिरगावकर
चौदा वर्षांचा टोमणा मला लागला, आणि तो रास्त होता. तरीही येत्या गुरुपौर्णिमेला मी अनुग्रह घेणार नाही. अडचण अशी आहे की, शिष्यांकडून साधन करवून घेतले जाते की नाही, हे बाहेर उभे राहून कळणार कसे? आत गेल्यावर तर परीक्षा घेणे हाच अपराध ठरतो.

मुलुंडची वाचक
आपल्याला निगुरा म्हणणाऱ्या त्या परिचितांनाच विचारून पाहा, की अनुग्रह झाल्यापासून त्यांच्या गुरूंनी त्यांना रोजचे कोणते साधन लावले आहे, आणि ते स्वतः पहाटे किती वाजता उठतात.