ग्रामपंचायत, पंचायत समितीतले तुमचे पहिले दिवस – अनुभव धागा

कापूसवाला: काल पेटी आवरताना कंत्राटी ग्रामसेवक म्हणून रुजू झाल्याचा कागद सापडला. नुकतंच बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेलं, तीन वर्षं मानधनावर काढायची होती. पहिल्याच महिन्यात गृहकराच्या वसुलीले निघालो तर एक आजी म्हणे, "बापा, पैसे देतो, पन माह्या नावाची पावती दे." नमुना 8, म्हणजे घरांच्या कराचं रजिस्टर, पाह्यला तर घर अजून आजोबाच्याच नावानं, ते जाऊन बारा वर्षं झालेली. मृत्यूचा दाखला काढला, मासिक सभेत ठेवला, ठराव झाला, आजीचं नाव चढवलं. तिले वाचता येत नव्हतं, तरी रजिस्टरमधल्या त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी होती. शाई ओली होती, बोटाले लागली. मी तेव्हाच ठरवलं का हीच नोकरी करायची. तुमचेही अनुभव लिहा.

वर्धेची पोरगी: मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेवाली, 2024 ची. पंचायत समितीत रोजगार हमीचा टेबल होता, पदवीधर म्हणून महिन्याले 10 हजार, आधी सहा महिने मग पाच वाढवून दिले. दोन वेळा विद्यावेतन उशिरा आलं, रूमचं भाडं बाबांले मागावं लागलं तेव्हा लय वाईट वाटलं. पण काम आवडलं. एका काकूची मजुरी अडकली होती, जॉबकार्डावर एक नाव अन् आधारवर दुसरं, तीन चकरा मारून दुरुस्त केलं तर त्यांनी घरच्या तुरीची डाळ आणून दिली, मी घेत नव्हती तर टेबलावर ठेवून निघूनच गेल्या. 11 महिन्यांनी घरी बसवलं, एवढं शिकवून सोडून देतात हे मले पटतच नाही.

धानपट्टा: आजीचं वाचून रडूच आलं दादा. भाजी गॅसवर आहे, नंतर लिहिते

कोरचीकर: आमच्याकडे पेसाचं गाव, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेले जास्त अधिकार देणारा कायदा लागू असलेलं. पहिल्या ग्रामसभेत सगळे गोंडीत बोलत होते, मले एक शब्द समजेना, इतिवृत्त काय लिहू? बाजूच्या काकांनी हळूहळू सगळं सांगितलं, तेंदूपत्त्याचा विषय होता. सभा संपली तरी ते बसून होते, मी लिहिलेलं पुन्हा वाचून घेतलं अन् दोन ठिकाणी चूक काढली. घरी आल्यावर गोंडी शिकायले एक वही सुरू केली.

वर्धेची पोरगी: @कोरचीकर तिकडे आता एसटी वेळेवर येते का? मामा तिकडेच आहेत

कोरचीकर: सकाळची येते, संध्याकाळचं सांगता येत नाही ताई

धानपट्टा: भाजी झाली. दादा एक विचारू? बाबा गेले, आमचं घर अजून त्यांच्याच नावानं आहे. आईचं नाव कसं चढवायचं?

कापूसवाला: ताई, बाबांचा मृत्यूचा दाखला, वारसदारांची माहिती, तुम्हा बहीणभावांचं संमतीपत्र अन् साधा अर्ज द्या. कराची बाकी असेल तर भरून टाका. अन् अर्जाची पोच हातात आल्याशिवाय तिथून उठू नका.

धानपट्टा: हाव. सोमवारी आईलेच सोबत नेते