डेम्पस्टर महामार्ग: गाडी, तंबू आणि चिखल यांचे अनुभव

(एडमंटनहून)
गेल्या शनिवारी गराज आवरताना भिंतीला टेकून ठेवलेला एक जुना टायर हाती लागला. त्याच्या खाचांमधला राखाडी चिखल अजून सिमेंटसारखा घट्ट बसलेला आहे. २०१८ च्या जुलैत आम्ही कॅनडाच्या वायव्येकडील डेम्पस्टर महामार्गाने, युकॉनमधल्या डॉसनहून इनुविक आणि तिथून आर्क्टिक महासागराच्या काठावरील टुक्टोयाक्टुकपर्यंत (सगळे त्याला टुक म्हणतात) गेलो होतो, तेव्हाचा तो चिखल. इनुविकपुढचा सुमारे १४० किलोमीटरचा बारमाही रस्ता २०१७ च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्याआधी टुकला गाडी न्यायची तर हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरूनच जावे लागे.

डेम्पस्टर स्वतः सुमारे ७४० किलोमीटरचा आणि जवळजवळ सगळा खडीचा आहे. या खडीत पाटीच्या दगडासारख्या पातळ, धारदार चिपा असतात. वाटेतल्या ईगल प्लेन्स या थांब्याच्या अलीकडे आमचे मागचे चाक बसले, आणि यजमान जॅक लावत असताना मी त्यांच्या मानेवरचे डास टॉवेलने हाकलत उभी होते. एका ट्रकचालकाने आपणहून थांबून टायरवरून तळहात फिरवला, नखाएवढी काळी चीप उपसून माझ्या हातावर ठेवली आणि वेग कमी ठेवण्यास सांगून तो निघून गेला. दोन जादा टायर घेतल्याबद्दल घरी माझी जी थट्टा झाली होती, ती त्या दिवसापासून बंद झाली.

आपल्यापैकी जे गेले असतील, त्यांनी कृपया लिहावे.

(कॅल्गरीहून)
टायरचे पटले, पण आमची फजिती हिंगाने केली. टूमस्टोन या डोंगराळ उद्यानातल्या तंबूंच्या तळावर रात्री साडेअकराला लख्ख उजेडात खिचडीला फोडणी दिली आणि मगच अस्वलांविषयीची पाटी वाचली. तंबूपासून दूर शिजवावे, भांडी लगेच धुवावीत, अन्न गाडीत बंद करून ठेवावे, हे सारे आम्ही त्यानंतर इतक्या निष्ठेने केले की दंतमंजनसुद्धा गाडीत गेले. अस्वल काही आले नाही. शेजारच्या तंबूतले जर्मन आजोबा मात्र वास काढत आले आणि दोन वाट्या खिचडी खाऊन गेले. युकॉनच्या सरकारी तळांवर जळणाची लाकडे शुल्कातच मिळतात, हे येथे नोंदवून ठेवते.

(टोरांटोहून)
आम्ही जूनच्या आरंभी गेलो, हीच चूक झाली. पील नदीवर पूल नाही. उन्हाळ्यात गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट आणि हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता, आणि मधल्या काळात काहीच नाही. नदीतून बर्फाचे तुकडे वाहत होते आणि फेरीबोट सुरू झालेली नव्हती, त्यामुळे ईगल प्लेन्सला दोन दिवस बसून तिसऱ्या दिवशी आम्ही मागे फिरलो. त्याच्या थोडे पुढे, ४०५ व्या किलोमीटरवर असलेल्या आर्क्टिक वृत्ताच्या पाटीपाशी काढलेले छायाचित्र तेवढे पदरात पडले.

(व्हाइटहॉर्सहून)
रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच का आहे, असे पाहुणे मला नेहमी विचारतात. खालची माती कायमची गोठलेली असते आणि ती वितळली तर रस्ता खचतो, म्हणून तिच्यावर खडीचा जाड थर अंथरून, जणू गोधडी घालून, रस्ता केला आहे. काही ठिकाणी तो थर २.४ मीटरपर्यंत आहे. या कारणाने कडेला चाक उतरवू नये, कारण कडा भुसभुशीत असतात आणि गाडी बाहेर काढणारा येईपर्यंत निम्मा दिवस जातो. नावाविषयी थोडे विषयांतर: १९१०-११ च्या हिवाळ्यात फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघालेले पोलिसांचे चौघांचे पथक वाट चुकून मरण पावले, आणि त्यांचा शोध घेणाऱ्या डेम्पस्टर या पोलिसाचे नाव पुढे रस्त्याला मिळाले.

(पुण्याहून)
मुलाकडे गेलो असताना आम्ही दोघेही या सहलीत होतो. इनुविकला मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे सांजवात कधी लावावी हा हिचा प्रश्न होता. शेवटी तिने पुण्याच्या वेळेनुसार सातला लावायचे ठरवले आणि हिशेब केल्यावर ती वेळ तिथे सकाळची साडेसात निघाली. तळावरच्या लाकडी बाकावर, उन्हात, चहाच्या कपाआड धरलेले ते निरांजन मला अजून दिसते.

(सिएटलहून)
काकूंना नमस्कार सांगावा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लहान गाडीने जाण्याचा विचार आहे. ते शक्य होईल का, आणि पेट्रोल कुठे भरावे?

(एडमंटनहून)
कोरडे असेल तर लहान गाडी जाते. पाऊस झाल्यास थांबावे. डॉसनलाच टाकी काठोकाठ भरा, कारण ईगल प्लेन्स तिथून ४०० किलोमीटरहून दूर आहे आणि मध्ये काही मिळेल असे धरून चालू नये. ऑगस्टअखेरीस टूमस्टोनचे डोंगर लाल होतात आणि डासही विरळ होतात, परंतु रात्री बादलीतले पाणी गोठते. हा टायर हवा असल्यास घेऊन जा. मापाचा असेल तर.