वऱ्हाड लढाईविना इंग्रजांकडे कसे गेले?

अकोटचा शेतकरी: आमच्या धुऱ्यावरून गाविलगडाचे डोंगर दिसतात. तो किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांकडून लढून घेतला. मात्र वऱ्हाडाचा कारभार त्यांच्याकडे ५० वर्षांनी, तोही निजामाकडून, एक गोळी न झाडता कसा गेला?

निवृत्त गुरुजी, दर्यापूर: थकबाकीमुळे. निजामाच्या नावाने उभारलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामावर होता. तो थकत गेला आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा महसूल त्यापोटी कंपनीच्या हवाली झाला. मालकी निजामाची, वसुली कंपनीची. सातबारा आपल्या नावे आणि कापूस सावकाराच्या गाडीत, हा प्रकार आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही! पुढे १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच करून घेतला. नागपूरचे राज्य तर १८५४ मध्ये केवळ औरस वारस नाही म्हणून खालसा झाले.

खामगावकर: गुरुजींचे म्हणणे मान्य, परंतु कर्ज हे निमित्त होते, ओढ कापसाची होती. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडाचा भाव वधारला. १८७० मध्ये आमच्या बाजारापर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला गेला, तो गाठी मुंबई बंदराकडे नेण्यासाठी.

अकोटचा शेतकरी: म्हणजे आधी वसुली, मग रूळ. गुरुजी, त्या तहात मुदत लिहिली होती काय?

निवृत्त गुरुजी, दर्यापूर: नव्हती. मेख तिथेच होती.